मागं घर, पुढं घाट!

माहीत आहे का? ज्याला इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, साधा हॉर्नसुद्धा नाही, असा ट्रेलर आपल्या कायद्यात चक्क 'मोटार वाहन' ठरतो! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच त्याला मानाचं पान मिळालंय. म्हणजे गाडीच्या मागं चाकांवरचं छोटं घर जोडून सहकुटुंब सहपरिवार भटकायचं मनात असेल, तर त्या घराचीही आरटीओत नोंद हवी. सातारकर असाल तर एमएच ११, सांगलीकर असाल तर एमएच १०, आणि कराडकर असाल तर 'आमचं वेगळं' म्हणत एमएच ५०!

विषय निघतो तो रीलमुळं. पोरं मोबाईल पुढं करतात : डोंगर, धुकं, पांढराशुभ्र ट्रॅव्हल ट्रेलर, दारात खुर्ची, खुर्चीत बसून कॉफी. बाबा लगेच किंमत शोधायला लागतात. आई विचारते, "आणि भांडी कुठं घासायची?" आजोबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "लावणार कुठं?" बजेट, ईएमआय, रंग, पडदे वगैरे गोष्टी नंतरच्या. खरी परीक्षा या दोन प्रश्नांची. चला, गिअर टाका!

ट्रॉलीच्या गावाला ट्रेलर शिकवता?

उसाचा हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात ट्रेलरच ट्रेलर. एका ट्रॅक्टरमागं एक ट्रॉली जोडून भागत नाही, दोन लागतात. वर ऊस इतका की मागचं काही दिसू नये. स्पीकरवर गाणं फुल्ल. आणि हे सगळं लटांबर सांभाळणारा ड्रायव्हर कितीचा? जेमतेम मिसरूड फुटलेला!

माहीत आहे का, ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन (म्हणजे चाकांवरचं घर) रिव्हर्स घ्यायला शिकवणारे खास कोर्स असतात. फी भरायची, मैदानात कोन लावायचे, प्रशिक्षक शेजारी. आपल्याकडं हा कोर्स फुकट बघायचा असेल तर कुठल्याही वस्तीवर जा. रिकामी ट्रॉली गोठ्याशेजारी लावायची असते. पोरगा सीटवर अर्धा वळून बसतो, एक हात मडगार्डवर, दुसरा स्टिअरिंगवर. मागं काका उभे : "येऊ दे... येऊ दे... डाव्या अंगाला... अजून... बास्स!" ट्रॉली भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबते. पोरगा उडी मारून खाली उतरतो आणि पिन काढतो. टाळ्या नाहीत, सर्टिफिकेट नाही.

यातली गोम अशी : ट्रेलर जोडलेला असला की रिव्हर्समध्ये सगळं उलटं चालतं. स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं तर ट्रेलर डावीकडं जातो. नवख्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. स्टिअरिंग खालच्या बाजूला, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी धरा. आता ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवा. झालं! बाकी दोन ट्रॉल्या जोडून रिव्हर्स घेणं हा वेगळाच प्रकार. दोन सांधे, दोन मनं. त्या वाटेला जाऊ नका.

लायसन्सची चिंता? ट्रॅक्टर चालवायचं लायसन्स असलेल्यानं मागं ट्रॉली जोडली म्हणून ते लायसन्स बाद होत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये दिलाय. खटला होता नागशेट्टी विरुद्ध विमा कंपनी. पण तो ट्रॅक्टरचा. तुमच्या कारचं काय, ते आरटीओत आणि विमा एजंटाला आधीच विचारा. ट्रेलर गळ्यात पडल्यावर विचारू नका.

एक फुकटचा सल्ला : गळीत हंगामात ट्रेलर घेऊन रात्री प्रवास नको. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधारात दिसते ती अगदी जवळ गेल्यावरच. तुमच्या मागं सातशे किलोंचं बिऱ्हाड असताना 'जवळ गेल्यावर' म्हणजे उशीर झालेला असतो.

डॉक्टर, पोपट आणि तीनचाकी

माहीत आहे का, हौसेखातर बनवून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती एका डॉक्टरची होती? ब्रिटिश नौदलातले निवृत्त सर्जन डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीकडून 'वाँडरर' नावाची घोडागाडी बांधून घेतली. लांबी १८ फूट, वजन सुमारे दोन टन. मग या घरात बसून साहेब इंग्लंडातून थेट स्कॉटलंडच्या इन्व्हरनेसपर्यंत तेराशे मैल हिंडले.

क्रू काय होता! एक गाडीवान, एक मोठा कुत्रा, एक पोपट आणि एक नोकर. नोकराचं काम? तीनचाकी सायकलवरून पुढं जायचं आणि समोरून येणाऱ्यांना 'सावधान, मागून घर येतंय' अशी वर्दी द्यायची. आपल्या घाटात आजही असा एक माणूस मिळाला तर सोनं होईल.

जर्मनीची गोष्ट आणखी गोड. आरिस्ट डेथलेफ्स यांचा घरचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा. विक्रीसाठी सतत फिरती. बायको चित्रकार, ती म्हणाली, मलाही यायचंय. १९३१ मध्ये नवरोबांनी गाडीमागं जोडायची खोलीच बनवली! पुढं तोच मुख्य धंदा झाला. बायकोचं ऐकावं, टर्नओव्हर वाढतो.

साताऱ्यातलं सर्वांत मोठं कॅम्पिंग

आता गाडी एकदम इतिहासात! माहीत आहे का, साताऱ्याच्या पायथ्याशी सगळ्यात मोठा तळ कुणी ठोकला? औरंगजेबानं. डिसेंबर १६९९ मध्ये तो अजिंक्यताऱ्याला वेढा घालून बसला तो एप्रिल १७०० मध्ये किल्ला हाती येईपर्यंत. नंतर किल्ल्याचं नाव बदलून 'आझमतारा' केलं, तेही फार काळ टिकलं नाही.

मोगल छावणी म्हणजे चालतं शहर. बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच असायचे. एकात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या तळावर आधीच उभा राहायचा. म्हणजे चेक-आउट आणि चेक-इनमध्ये एक मिनिट वाया नाही! तीनशे वर्षांपूर्वीची ही लक्झरी आजच्या कुठल्या ट्रेलरमध्ये मिळत नाही. अर्थात, त्यासाठी लागणारे हत्ती-उंट तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसणार नाहीत.

बादशहा गेला, पण चालतं घर इथून गेलंच नाही. माण, खटाव, आटपाडी, जतकडचे मेंढपाळ आजही दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात. घोड्याच्या पाठीवर अख्खा संसार : पातेली, वाकळा, तान्हं लेकरू, वर बांधलेली कोंबडी. स्टोअरेज सोल्यूशन शिकायचं तर या बायकांकडून शिकावं. अर्ध्या तासात बिऱ्हाड उतरवून चूल पेटलेली असते.

आणि सांगलीची नाटकमंडळी? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं आणि पुढं मंडळी दौऱ्यावर निघाली ती १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरपर्यंत पोहोचली. एक्स्प्रेसवे नव्हता, एसटी नव्हती, सांगलीला रेल्वेसुद्धा नव्हती. सामानात राक्षसांचे मुखवटे!

वाईत आलेला पाहुणा

माहीत आहे का, हिंदी सिनेमातली सगळ्यांत गाजलेली कॅराव्हॅन सातारा जिल्ह्यात येऊन गेलीय? २००४ चा 'स्वदेस' आठवा. नासातला मोहन भार्गव कावेरीअम्माला शोधत कॅराव्हॅन घेऊन चरणपूरला पोहोचतो. ते चरणपूर म्हणजे आपलं वाईजवळचं मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि त्या घाटावर शाहरुख!

सिनेमात गावकरी त्या गाडीत डोकावून डोकावून बघतात. हे मात्र शंभर टक्के खरं. गावात ट्रेलर लावा, पाच मिनिटांत दाराशी गर्दी. "आत संडास पण हाय?" हा पहिला प्रश्न. "कितीला पडला?" हा दुसरा. प्रायव्हसीसाठी ट्रेलर घेणार असाल तर पडदे जाड घ्या.

नासाचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या. जुलै १९६९. अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परत आले. चंद्रावरचे जंतू सोबत आले असतील तर? म्हणून त्यांना जहाजावर उतरल्या उतरल्या एका बंदिस्त डब्यात कोंडलं. तो डबा म्हणजे 'एअरस्ट्रीम' कंपनीच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये फेरफार करून केलेली खोली! राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीच्या काचेबाहेर उभे राहून त्यांच्याशी गप्पा मारत होते. चंद्रावर जाऊन आलेल्या माणसांचा पहिला मुक्काम ट्रेलरमध्ये. आणि तुम्ही पाचगणीपर्यंतच विचार करताय!

पाण्याला वजन असतं हो!

आता जरा कामाचं. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसला तरी चालतो. म्हणून बरेच छोटे ट्रेलर या आकड्याच्या आतबाहेर घुटमळतात. पण हा आकडा पूर्ण भरलेल्या ट्रेलरचा. रिकाम्याचा नाही!

माहीत आहे का, शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढले? सोपं गणित, पण शोरूममध्ये कुणाला आठवत नाही. वर चार गाद्या, बॅटरी, फ्रिज, पाच किलोंचा 'छोटू' सिलिंडर (हे लाडाचं नाव इंडियन ऑइलनंच ठेवलंय, आणि रिकाम्या लोखंडाचं वजन वेगळं). शिवाय आईनं 'असू दे' म्हणून टाकलेला प्रेशर कुकर आणि त्यासोबत 'असू दे' म्हणून टाकलेला दुसरा प्रेशर कुकर.

हॉलिवूडनं यावर आख्खा सिनेमा काढलाय! १९५४ चा 'द लाँग, लाँग ट्रेलर'. नवं जोडपं हनिमूनला ट्रेलर घेऊन निघतं. बायकोला प्रत्येक मुक्कामावरून आठवण म्हणून एक दगड उचलायची हौस. घाट लागतो, ट्रेलर जड, चढण उभी, कडा खोल... पुढचं स्वतः बघा. आपल्याकडं दगड कुणी घेत नाही. आपण महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणि जॅम घेतो, साताऱ्यात कंदी पेढे घेतो, सांगलीत हळद, बेदाणे, भडंग घेतो. स्ट्रॉबेरीला, हळदीला आणि बेदाण्याला जीआय मानांकन आहे, पण म्हणून त्यांचं वजन कमी होत नाही.

किती भरलं यापेक्षा कुठं भरलं, हे जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतला ठोकताळा असा की ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यावा. जड सामान चाकांच्या वर, हलकं मागं. उलटं केलंत आणि सगळं मागच्या कप्प्यात कोंबलंत, तर वेग वाढताच ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. हे सुरू झालं की ब्रेक दाबून धरायचा नाही. अॅक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि घाबरायचं ते मनातल्या मनात.

सगळ्यांत आधी मात्र एक करा. गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढा. हो, तेच ज्याचं प्लॅस्टिक अजून फाडलेलं नाही. त्यात टोइंगचं पान शोधा. काही गाड्यांमध्ये सरळ लिहिलेलं असतं : ट्रेलर ओढू नये. तसं असेल तर विषय तिथंच संपला आणि तुमचे काही लाख वाचले. अभिनंदन!

घाट, वारा, धुकं : व्हिलन नंबर एक, दोन, तीन

पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली. नावं घेतली तरी पोटात वळण येतं. ट्रेलरसह चढताना इंजिन रडतं, हे समजू शकतं. खरी परीक्षा उतरताना. मागचं घर पुढं यायला बघतं. जो गिअर चढायला, तोच उतरायला, हा ट्रकवाल्यांचा जुना मंत्र इथं शब्दशः पाळायचा. आणि आंबेनळीच्या वळणावर समोरून एसटी आली तर? रिव्हर्स कुणी घ्यायचा? एसटी घेणार नाही, हे आपण दोघंही जाणतो.

आता वारा. माहीत आहे का, पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या आणि साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग का उभी आहे? तिथं वारा अखंड वाहतो म्हणून! आणि उंच, चपट्या बाजूंच्या, हलक्या ट्रेलरचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे बाजूनं येणारा वारा. पवनचक्क्या दिसल्या की फोटोसाठी थांबा, वेग मारू नका. सांगलीच्या ढालगावकडंही हाच नियम.

वेगाचा विक्रम कुणाचा असं विचारताय? २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका मर्सिडीजनं कॅराव्हॅन जोडून ताशी २२३ किलोमीटरचा वेग गाठला. विमानतळाच्या धावपट्टीवर. पेठ नाक्यावर हा प्रयोग करू नये.

आणि पाऊस! एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. पश्चिमेला ठेवला तर ट्रेलरच्या गादीला बुरशी, पूर्वेला ठेवला तर प्रत्येक फटीत धूळ. निवडा काय ते.

नकाशा उलटा धरा

ट्रेलर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं कास, महाबळेश्वर, कोयना येतं. हीच गफलत! युनेस्कोच्या यादीत २०१२ मध्ये गेलेल्या पश्चिम घाटाचा कास हा भाग आहे. हंगामात तिथं बंधनं असतात आणि फुलांच्या पठारावर तळ ठोकणं कुणी खपवून घेणार नाही, घेऊही नये. कोयना-चांदोली तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाच्या अंगणात खुर्ची मांडून कॉफी? राहू द्या. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीत हॉटेलं ढिगानं आहेत. तिथं ट्रेलर ओढत न्यायचा म्हणजे आंब्याच्या बागेत आंब्याची पेटी घेऊन जाण्यासारखं.

पूर्वेकडं बघा! जिथं रस्ते बऱ्यापैकी सपाट, पार्किंगला माळ मोकळा आणि राहायला धड हॉटेल नाही, तिथंच ट्रेलरचं खरं काम.

माहीत आहे का, औंधच्या टेकडीवरच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं शिल्पसुद्धा? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. संग्रहालय १९३८ चं. लोक बघतात आणि संध्याकाळच्या आत परत फिरतात, कारण मुक्कामाची सोय विचारत हिंडायचा कंटाळा.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर माहीत आहे? १९३९ मध्ये औंध संस्थानानं इथं कैद्यांसाठी भिंत नसलेली वसाहत सुरू केली. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरून सुचलेला. बर्लिनपर्यंत जाऊन बक्षीस घेऊन आला तो सिनेमा. आपण मात्र आटपाडीपर्यंत जात नाही!

मायणीचा तलाव आणि पक्षी, शिखर शिंगणापूर, म्हसवडचा सिद्धनाथ, खरसुंडी, मिरजेजवळचा दंडोबा, सागरेश्वरची हरणं. एकेका ठिकाणी रात्र काढावी अशी ही ठिकाणं. अभयारण्यात आणि देवस्थानाच्या आवारात अर्थातच आधी विचारून. थंडीत माणदेशातलं आभाळ चांदण्यांनी इतकं गच्च असतं की मुलं मोबाईल खाली ठेवतात. हा आमचा दावा आहे, वॉरंटी नाही.

विटा-खानापूरकडच्या गलाई बांधवांना तर ही आयडिया खासच लागू. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली ही कुटुंबं जत्रेला हजारभर किलोमीटर गाडी मारत गावी येतात. घर भावाभावांत भरलेलं, माणसं पडवीत झोपलेली. अशा वेळी अंगणात आपली खोली आपण घेऊन आलो तर? वहिनींचे आशीर्वाद मिळतील.

हिशोब मांडा, मग मुंडी हलवा

समजा, ट्रेलर पडला आठ लाखांना. समजा, सुट्टीत दोन खोल्या घेतल्या तर रात्रीचे सहा हजार जातात. आठ लाख भागिले सहा हजार : १३३ रात्री. वर्षाला बारा रात्री बाहेर काढत असाल तर पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं! आणि यात विमा, टायर, ज्यादा डिझेल, टोल काही धरलेलं नाही. मुलगी आता चौथीत असेल तर पैसे वसूल होईपर्यंत ती इंजिनिअरिंगला. तिला तेव्हा आई-बाबांबरोबर ट्रेलरमध्ये झोपायचं असेल का, हा गणिताबाहेरचा प्रश्न.

वर्षातले उरलेले साडेतीनशे दिवस तो उभा कुठं राहणार? वस्तीवर, शेडमध्ये जागा असेल तर उत्तम. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या मीटिंगला तयारीनं जा. स्कूटरच्या जागेवरून महाभारत होतं, तुम्ही तर घर आणताय!

आणि तो नाजूक विषय. संडास. छोट्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा कॅसेटचा असतो. कॅसेट म्हणजे गाणी नव्हेत. खालची टाकी, जी भरली की उचलून रिकामी करावी लागते. कुठं? शोषखड्डा किंवा ड्रेनेज असेल तिथंच. कुणी? घरात आधी ठरवा, लेखी घ्या.

मग काय, स्वप्न गुंडाळायचं? अजिबात नाही! महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात मोठ्या गाड्यांबरोबर टेंट ट्रेलर, फोल्डिंग कॅराव्हॅन, कॅम्पर ट्रेलर असे छोटे प्रकारही आहेत. भाड्यानं मिळणाऱ्या गाड्याही आहेत. आमचं सरळ मत : आधी भाड्यानं घ्या, तेही पावसात. दोन रात्री, चार माणसं, एक दार, ओल्या चपला. तरीही तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांशी बोलत असतील तर बिनधास्त विकत घ्या. मात्र ७५० किलोंच्या आतला, मॅन्युअल परवानगी देत असेल तरच, आणि पूर्वेचा रस्ता धरायची तयारी असेल तरच. नुसतं महाबळेश्वरच करायचं असेल तर ट्रेलर नको, हॉटेल बरं.

आठ बेडरूम की मोबिलिटी स्कूटर?

'छोटा'च का घ्यायचा असं विचारणाऱ्यांसाठी हा नमुना. अबू धाबीच्या शेख हमद बिन हमदान अल नाह्यान यांनी १९९० मध्ये बनवून घेतलेली कॅराव्हॅन गिनीज बुकात आहे. पाच मजले! आठ बेडरूम, आठ बाथरूम, चार गॅरेज, २४ हजार लिटर पाणी, वजन १२० टन. सासर-माहेर दोन्ही एकदम मावेल.

दुसऱ्या टोकाला ब्रिटनमधली 'क्यूटीव्हॅन'. माणूस आत जेमतेम आडवा होतो, आणि ती ओढते कोण? ज्येष्ठ नागरिकांची मोबिलिटी स्कूटर!

आणि देशी जुगाडाचा नमुना हवा असेल तर थेट देवराष्ट्रे, तालुका कडेगाव. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं भंगारातले सुटे भाग जोडून दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. व्हिडिओ व्हायरल झाला, आनंद महिंद्रांनी पाहिला, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात घरापुढं नवीकोरी बोलेरो उभी राहिली! पण महिंद्रांनी तेव्हाच हेही म्हटलं होतं की ही जीप नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवली जाईल.

तेव्हा कुपवाडच्या एमआयडीसीतला ओळखीचा फॅब्रिकेटर "दादा, निम्म्या पैशात ट्रेलर करून देतो की" म्हणाला, तर चहा प्या आणि फोल्डिंगचं टेबल, चार खुर्च्या, एक भांड्यांचं स्टँड एवढंच सांगून या. त्यांना पासिंग लागत नाही, आणि ते आत्ता आहे त्या गाडीच्या डिकीत मावतं.